यूरोपांतील बेकारांची गणती आणि तिचीं साधनें

जुन्या कागदांचा नाद असलेल्या वाचकांस बेकारीचा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांचा वाटेल, आणि त्यास या त्रैमासिकांत जागा कां द्यावी अशी शंका येईल. ती आरंभींच दूर करणें इष्ट आहे. अमुक देशांत अमुक सालीं शेंकडा इतके लोक बेकार होते, अशीं विधानें आपण नेहमीं वाचतों. परंतु त्या विधानाचा आधार शेवटीं कोणता तरी कागदच असतो : जहागिरीच्या हिशेबाची गुंडाळी, कामगारसंघाची खर्चवही, विम्याची पुस्तिका किंवा खानेसुमारीचा तक्ता. तो कागद कोणीं लिहिला, कशासाठीं लिहिला आणि त्यांत कोणाचें नांव येण्याचें कारणच नव्हतें, हे तीन प्रश्न सोडवल्यावांचून आंकड्याची किंमत ठरत नाहीं. बखर व अस्सल पत्र यांचें तारतम्य करतांना आपण जी परीक्षा करतों तीच ही परीक्षा होय.

आम्ही या विषयाकडे वळलों तें एका योगायोगानें. अबुल फजलाच्या अकबरनाम्याचें इंग्रजी भाषांतर हेन्री बेव्हरिज यांनीं केलें, आणि बाबराच्या आत्मचरित्राचें तुर्कीवरून भाषांतर त्यांच्या पत्नी अॅनेट बेव्हरिज यांनीं केलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. हेन्री बेव्हरिज बंगाल्यांत न्यायाधीश होते. त्यांचे चिरंजीव विल्यम यांचा जन्म १८७९ सालीं रंगपूर येथें झाला. तें गांव आतां बांगलादेशांत आहे. या विल्यम बेव्हरिज यांनीं १९०९ सालीं बेकारीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, व बेकारी हा मजुराच्या आळसाचा दोष नसून उद्योगधंद्यांच्या रचनेंतून उत्पन्न होणारा प्रश्न आहे असें त्यांत प्रतिपादन केलें. पुढें त्यांनींच बाराव्या शतकापासूनचे इंग्लंडांतील भाव व मजुरीचे दर जुन्या हिशेबांवरून संकलित करण्याचें मोठें काम हातीं घेतलें. त्याचा पहिला खंड १९३९ सालीं निघाला. पुढचे खंड निघाले नाहींत. मातापितरांनीं बादशाही ग्रंथांवर घेतलेले श्रम पुत्रानें गवंडी व सुतार यांच्या मजुरीवर घेतले, ही गोष्ट आम्हांस मननीय वाटली.

प्रथम शब्दाचा विचार करूं. आपला 'बेकार' हा शब्द फारशी असून त्याचा अर्थ काम नसलेला एवढाच आहे. संस्कृतांत भृति म्हणजे मजुरी, भृतक म्हणजे मजुरीनें राबणारा, कर्मकर म्हणजे काम करणारा, असे शब्द आहेत. पण ज्यास राबण्याची इच्छा असून भृति मिळत नाहीं त्यासाठीं रूढ असा स्वतंत्र शब्द आमच्या वाचनांत आलेला नाहीं. यूरोपांतहि स्थिति फारशी निराळी नव्हती. फ्रेंच भाषेंतील 'शोमाज' हा शब्द उष्णता या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघालेला असून, भर उन्हाच्या वेळीं काम थांबवून विसावणें हा त्याचा मूळ अर्थ. विसाव्याचा शब्द पुढें सक्तीच्या रिकामपणास लागला. इंग्रजींत 'अनएम्प्लॉयमेंट' हें नाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रूढ झालें. तत्पूर्वींच्या कागदांत काम नसलेला मनुष्य भेटतो तो निराळ्याच नांवांनीं : धट्टाकट्टा भिकारी, भटक्या, किंवा गांवच्या धर्मादायावर पडलेला निर्धन.

हीं नांवें निर्दोष नाहींत. १३४८ सालीं इंग्लंडांत महामारी शिरली व लोकसंख्येचा फार मोठा भाग नाहींसा झाला. मजूर दुर्मिळ झाले आणि मजुरी चढूं लागली. तेव्हां १३४९ च्या हुकुमानें व १३५१ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं मजुरानें साथीपूर्वींच्या दरानेंच काम करावें, आणि साठ वर्षांच्या आंतील, अंगानें धड व निर्वाहाचें स्वतंत्र साधन नसलेल्या माणसानें काम सांगितलें असतां नाकारूं नये. या कायद्याखालीं झालेल्या दंडांचे कागद पुष्कळ शिल्लक आहेत. ते एकटेच वाचणारास वाटेल कीं त्या काळीं देशांत आळशी लोक माजले होते. वस्तुतः त्या वेळीं तुटवडा कामाचा नसून मजुरांचा होता, आणि दंड झालेला मनुष्य पुष्कळदां अधिक मजुरी देणाऱ्या धन्याकडे गेलेला असे. न्यायसभेच्या कागदांत गुन्हा नोंदला जातो. गुन्ह्यामागील बाजारभाव तेथें शोधूं जाणें व्यर्थ होय.

उलट प्रकार १८३४ नंतरच्या कागदांचा. त्या सालच्या दारिद्र्यविषयक कायद्यानें असें तत्त्व ठरविलें कीं धडधाकट माणसास मदत हवी असेल तर त्यानें वर्कहाऊसमध्यें येऊन राहावें, आणि तेथील जिणें बाहेरच्या हलक्यांत हलक्या मजुराच्या जिण्याहूनहि नकोसें असावें. हें तत्त्व सर्वत्र सारखें पाळलें गेलें नाहीं. तरी त्याचा धाक मोठा होता. अशा पटावरून बेकारांची संख्या काढणें म्हणजे जे उपाशी राहिले पण त्या दारांत गेले नाहींत त्या सर्वांस वगळणें होय.

आतां हिशेबांकडे वळूं. या शाखेचे आद्य परिश्रमी जेम्स थोरोल्ड रॉजर्स. इंग्लंडांतील शेती व भाव यांचा त्यांचा इतिहास १८६६ पासून सात खंडांत निघाला. १८९० सालीं त्यांचें निधन झालें व शेवटचा खंड १९०२ सालीं बाहेर पडला. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजासारख्या संस्थांच्या जमिनी गांवोगांवीं होत्या. तेथील कारभारी दर वर्षाअखेर चर्मपत्रावर जमाखर्च लिहून धन्यास समजावीत असे. संस्था अखंड चालू राहिल्यामुळें त्या गुंडाळ्या टिकल्या. त्यांतून रॉजर्स यांनीं धान्याचे भाव व मजुरीचे दर वेंचले, आणि १८८४ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत पंधरावें शतक हें इंग्रज मजुराचें सुवर्णयुग ठरविलें.

परंतु येथें एक मेख आहे. गुंडाळींत असतें तें एवढेंच कीं अमुक गवंड्यास इतक्या दिवसांचे दिवसास इतक्या पेन्सांप्रमाणें दिले. त्याच गवंड्यास वर्षांत एकंदर किती दिवस काम मिळालें हें त्यांत नसतें. कारण तो येथील काम संपवून कोठें गेला याच्याशीं कारभाऱ्यास कर्तव्य नव्हतें. वर्षाची मिळकत काढण्यासाठीं दिवसाच्या दरास कामाच्या दिवसांनीं गुणावें लागतें, आणि पुष्कळ अभ्यासक ते दिवस २५० धरतात. हा २५० कारभाऱ्याच्या हिशेबांतला नव्हे, अभ्यासकांनीं धरलेला आहे. बेकारीचा सगळा प्रश्न त्या एका गृहीताच्या पोटांत गडप झालेला असतो. जेन हम्फ्रीज व जेकब वाइसडोर्फ या दोघां संशोधकांनीं २०१९ सालीं निराळा मार्ग धरला. दिवसाच्या मजुरीऐवजीं वर्षाच्या करारानें राहिलेल्या गड्यांचे पगार त्यांनीं गोळा केले. त्यावरून पाहतां महामारीनंतरच्या सुवर्णयुगाचा झळाळ पुष्कळ कमी होतो.

याहूनहि सूक्ष्म उदाहरण लंडनचें आहे. सतराव्या व अठराव्या शतकांतील तेथील बांधकामाच्या हिशेबांवरून मजुरीचे दर ठरविण्यांत येत असत, व ते यूरोपांतील इतर शहरांच्या मानानें फार उंच दिसत. ज्यूडी स्टीफन्सन यांनीं २०१८ सालीं सेंट पॉल मंदिरासारख्या कामांच्या कागदांची पुन्हा छाननी केली. तेव्हां दिसून आलें कीं हिशेबांत मजुरीच्या दरानें लिहिलेली रक्कम ठेकेदाराच्या हातीं पडे, आणि तो आपला खर्च व नफा काढून उरलेली मजुरास देई. मजुराच्या हातीं पडणारा दर समजला जात होता त्याहून शेंकडा २० ते ३० नीं कमी होता. ज्या आंकड्यांवर देशादेशांच्या संपन्नतेची तुलना उभी होती, त्यांतील चूक 'हे पैसे कोणाच्या हातांत पडले' एवढ्या साध्या प्रश्नानें उघडकीस आली.

एकोणिसाव्या शतकांत निराळ्या प्रकारचे कागद निर्माण झाले. इंग्लंडांतील यंत्रकामगारांचा मोठा संघ १८५१ सालीं स्थापन झाला. अशा संघांत सभासद वर्गणी भरीत, आणि काम सुटलें असतां संघ त्यांस आठवड्याचा भत्ता देई. भत्त्याचा जमाखर्च ठेवणें भाग असल्यामुळें शेंकडा किती सभासद भत्त्यावर आहेत हें त्या वह्यांवरून कळे. सरकारच्या व्यापार-खात्यानें हे आंकडे एकत्र करून प्रसिद्ध केले, व १९१४ पूर्वींच्या ब्रिटिश बेकारीचें मुख्य साधन तेंच होऊन बसलें.

या वह्या खऱ्या आहेत, यांत संशय नाहीं. पैसा फुकट जाऊं नये म्हणून संघाचा चिटणीस डोळ्यांत तेल घालून नोंद करी. पण त्या कोणाच्या होत्या ? यंत्रें, जहाजबांधणी, धातुकाम अशा धंद्यांतील कुशल कारागिरांच्या. या धंद्यांत तेजीमंदीचे हेलकावे मोठे. खाणींत व कापडाच्या गिरण्यांत मंदी आली म्हणजे माणसें काढण्याऐवजीं सर्वांचे कामाचे दिवस कमी करीत. त्यांची अर्धी बेकारी भत्त्याच्या वहींत उतरत नसे. लंडनच्या गोदीवर रोज सकाळीं फाटकाशीं उभा राहून दोनचार तासांचें काम मिळतें कीं काय याची वाट पाहणारा हमाल, शेतमजूर, घरकाम करणारी बाई, यांपैकीं कोणी त्या वह्यांत नाहीं.

या वह्यांवर पुढें केवढी इमारत उभी राहिली तें पाहण्यासारखें आहे. १९५८ सालीं ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनीं १८६१ ते १९५७ या काळांतील बेकारी व मजुरीची वाढ यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. बेकारी कमी तेव्हां मजुरी झपाट्यानें चढते, बेकारी वाढली कीं ती चाल मंदावते, असा वक्र त्यांनीं काढला. आणि तो मुख्यतः १८६१ ते १९१३ च्या, म्हणजे संघांच्या वह्यांवरील आंकड्यांस जुळवून काढलेला होता. थोडी महागाई पत्करली तर बेकारी आटोक्यांत ठेवतां येते, असा व्यवहारी अर्थ त्यावरून पुष्कळांनीं काढला. १९७० नंतरच्या दशकांत महागाई व बेकारी दोन्ही बरोबरच वाढल्या, तेव्हां तो अर्थ डळमळला. त्या अपयशाचें खापर आम्ही वह्यांवर फोडीत नाहीं. त्याचीं कारणें निराळीं व अनेक आहेत. पण वह्यांची परीक्षा व्हावयाची राहिली होती, ती जॉर्ज बॉयर व टिमथी हॅटन यांनीं २००२ सालीं केली. निरनिराळ्या धंद्यांचीं साधनें जमवून, प्रत्येकास त्यांतील माणसांच्या संख्येप्रमाणें वजन देऊन, त्यांनीं १८७० ते १९१३ चे आंकडे नव्यानें बसविले. निष्कर्ष असा कीं उद्योगधंद्यांतील बेकारी समजली जात होती त्यापेक्षां सामान्यतः अधिक होती, पण तिचे हेलकावे कमी होते. एकाच पोथीवर विसंबून केलेला पाठ अनेक पोथ्या ताडून पाहतां बदलावा, तसाच हा प्रकार.

१९११ च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें बेकारीचा सक्तीचा विमा सुरू झाला. आरंभीं तो बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम वगैरे निवडक धंद्यांतील सुमारें साडेबावीस लाख कामगारांपुरता होता. १९२० सालीं तो बहुतेक धंद्यांस लागू झाला. प्रत्येक विमेदाराची एक पुस्तिका असे. तिच्यावर धनी तिकिटें चिकटवी, आणि काम सुटलें म्हणजे कामगार ती पुस्तिका रोजगार-कचेरींत ठेवून देई. कचेरींतील पुस्तिका मोजल्या कीं बेकारांची संख्या आली. १९३२ सालीं विमेदारांपैकीं शेंकडा सुमारें २२ बेकार होते, हा आंकडा सर्वतोमुखीं आहे. परंतु शेतमजूर १९३६ पर्यंत या विम्याबाहेर होते, घरगुती नोकर बाहेर होते, कायमच्या नोकरीचे पुष्कळ लोक बाहेर होते. सर्व काम करणारांच्या मानानें हिशेब केला तर तें प्रमाण बरेंच खालीं येतें.

ही चूक एकाच दिशेची असती तर बरें होतें. १९३१ च्या एका कायद्याखालीं विवाहित स्त्रियांस भत्ता मिळण्यासाठीं विशेष अटी घालण्यांत आल्या. लग्नानंतर पुरेशी वर्गणी भरल्याचें व त्या भागांत काम मिळण्याची शक्यता असल्याचें त्यांनीं दाखवावें, असें ठरलें. लक्षावधि स्त्रियांचा हक्क यामुळें धोक्यांत आला व पुष्कळींचा गेला. भत्ता नाहीं तर कचेरींत नांव ठेवण्यांत अर्थ काय ? अशा रीतीनें कित्येक नांवें पटावरून गेलीं. त्यांच्यापैकीं कोणास काम मिळालें म्हणून नव्हे. आमचा जन्म शाळेंत गेला. तपासनीस येण्याच्या आठवड्यांतील हजेरीपट व सुगीच्या आठवड्यांतील वर्ग यांत किती अंतर असतें हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पट ज्या कामासाठीं ठेवलेला असतो त्याचीच साक्ष तो देतो.

दिवसाचें महत्त्वहि लक्षांत घ्यावें. जर्मनींत १८९५ सालीं बेकारांची गणती दोनदां झाली. जूनमधील गणतींत, आजारी धरून, सुमारें ३ लाख निघाले. डिसेंबरांत साडेसात लाखांहून अधिक. सहा महिन्यांत देश बुडाला नव्हता. थंडीमुळें शेती व बांधकाम थांबलें होतें. तारीख खाऊन टाकलेला आंकडा हा तारीख फाटलेल्या पत्राइतकाच निरुपयोगी.

येथवर सांगितलेले सर्व कागद धन्याचे, संघाचे किंवा सरकारचे. बेकारी भोगणाराच्या घरांत काय घडत होतें हें त्यांत नाहीं. तें टिपण्याचा प्रयत्न ऑस्ट्रियांत झाला. व्हिएन्नाच्या आग्नेयेस मारिएन्थाल नांवाची कापडगिरणीची वस्ती होती. १९२९-३० मध्यें गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारा गांव एकदम बेकार झाला. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझल यांनीं सहकाऱ्यांसह तेथें जाऊन १९३१-३२ मध्यें ४७८ कुटुंबांची पाहणी केली व १९३३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र कागद केला. जेवणांत काय होतें तें लिहून घेतलें. मुलांकडून निबंध लिहविले. दिवसाचा तास न् तास कसा गेला याचे तक्ते गांवकऱ्यांकडून भरून घेतले. रस्त्यानें जाणारे पुरुष किती वेळां थांबतात हेंहि मोजलें. निष्पन्न झालें तें अनपेक्षित होतें. रिकामा वेळ वाढला तरी वाचनालयांतून पुस्तकें नेण्याचें प्रमाण दोन वर्षांत सुमारें निम्म्यावर आलें. पुरुषांस आपला दिवस कसा गेला हें सांगतां येईना. स्त्रियांस मात्र घरकामामुळें वेळेचें भान होतें. संतापून उठणारांपेक्षां आशा आखडून बसणारांचीच संख्या मोठी होती. भत्त्याच्या वहींत हीं सर्व माणसें एकेका आंकड्यानें सारखीं दिसलीं असतीं.

आजची पद्धति या दोन्हींच्या मधली आहे. घरोघर जाऊन नमुन्यादाखल विचारपूस करावी, आणि ज्यास काम नाहीं, जो कामास तयार आहे व जो काम शोधीत आहे त्यास बेकार म्हणावें, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेनें १९८२ सालीं पक्की केली. या रीतीनें यूरोपांतील देशांची तुलना करतां येते. पण तिचेहि नियम जाणून असावें : त्या आठवड्यांत मोबदल्यासाठीं एक तास काम केलेला मनुष्य कामावर असलेला गणला जातो, आणि निराश होऊन शोध सोडलेला मनुष्य बेकारांत धरला जात नाहीं. स्पेनचें उदाहरण बोलकें आहे. २०१३ सालच्या पहिल्या तिमाहींत तेथील घरोघरच्या पाहणींत ६२ लाख बेकार निघाले. त्याच सुमारास रोजगार-कचेऱ्यांच्या पटावर ते ५० लाखांहून किंचित् अधिक होते. कोणीहि खोटें लिहिलें नव्हतें. कचेरीच्या मोजणींतून विद्यार्थी व शेतमजुरीचा भत्ता घेणारे यांसारखे कांहीं वर्ग नियमानेंच वगळलेले असत, आणि ज्या तरुणास अजून भत्त्याचा हक्कच मिळाला नव्हता त्यास तेथें नांव घालण्याची निकड कमी होती.

तर मग कोणत्याच आंकड्यावर विश्वास ठेवूं नये काय ? असें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. स्पेनच्या दोन्ही कागदांत दहा लाखांहून अधिक अंतर आहे. पण संकट भयंकर होतें याविषयीं दोघांची साक्ष एक आहे. स्वतंत्र साधनें जेथें एकवाक्यतेनें बोलतात तेथें निःशंक असावें. जेथें भांडतात तेथें भांडणाचें कारण शोधावें, म्हणजे बहुधा वगळलेल्या माणसांचा एक समूह सांपडतो. ब्रिटनमध्यें त्या विवाहित स्त्रिया निघाल्या, लंडनमध्यें ठेकेदाराच्या हाताखालचे मजूर निघाले, गोदीवर दोन तासांचे हमाल निघाले. हे लोक होते, उपाशी होते, आणि त्यांचा कागद कोणीं केला नव्हता.

असो. शेवटीं आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति. मोहोर असलेली सनद हातीं आली म्हणजे आपण ती रेशमी वस्त्रांत ठेवतों. रोजमुऱ्याची यादी, बांधकामाची हजेरी, बिगाऱ्याच्या पावत्या यांचे रुमाल मात्र वाळवीस किंवा रद्दीवाल्यास देतों. मर्टन कॉलेजाच्या कारभाऱ्यानें लिहिलेल्या जमाखर्चास त्याच्या काळीं कोणींच मोल दिलें नसतें. तरी सहा शतकांच्या मजुरांविषयीं आज जें कांहीं सांगतां येतें तें त्याच्या गुंडाळ्या फेंकून दिल्या गेल्या नाहींत म्हणून. आपल्या दफ्तरांतील अशा याद्या वाचतां येवोत वा न येवोत, त्या रुमालांवर निदान गांव, साल व कोणाच्या घरांतून मिळाल्या एवढें लिहून ठेवावें. पुढें जो कोणी त्या उघडील त्यास पहिले तीन प्रश्न विचारावयास तेवढें पुरेल.